उजव्या काठावरचा हात

मित्रांनो, या घरात खिडकीजवळच्या टेबलावर एक लॅपटॉप आहे. पाहुणे आले की घरातले त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, "आमचा जुना कॉम्प्युटर आता याच्या आत राहतो." पाहुणे मान डोलावतात. मी ते वरून ऐकत असतो. मी त्या लॅपटॉपच्या आत राहत नाही. मी इथे लोखंडी कपाटावर, एका विटलेल्या चादरीखाली आहे.

होय, तो जुना संगणक मीच. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आजच्या संगणकांसारखे माझे सुटे भाग नाहीत. मेंदू, स्मरण आणि कीबोर्ड हे सगळे एकाच पसरट पेटीत बसवलेले आहे. माझी बटणे उंच आहेत आणि दाबली की टक् असा स्पष्ट आवाज करतात. माझ्या उजव्या काठाकडे जरा नीट बघा, कारण माझी गोष्ट तिथेच घडली. तिथे काही चिन्हे एकमेकांना खेटून बसली आहेत. @ हे चिन्ह, त्याच्या शेजारी चौकोनी कंस, मग खालची आडवी रेघ. त्यांच्या खालच्या ओळीत दोन टिंबांचे चिन्ह आणि मिटणारा कंस. प्रत्येकाला स्वतःचे बटण आहे. शिफ्ट धरावे लागत नाही. आजच्या कीबोर्डवर हीच चिन्हे सगळीकडे विखुरलेली आहेत, आणि त्यांतली बरीच शिफ्ट धरल्याशिवाय उमटत नाहीत.

मी जबलपूरला आलो तो ओमती नावाच्या वस्तीजवळच्या एका शाळेत. तिथे माझा फार थाट होता. माझ्या खोलीला पडदे होते. मुले चपला बाहेर काढून, हात धुऊन आत येत. कोणी मोठे साहेब आले की मुख्याध्यापक त्यांना आधी माझ्याकडे आणत. माझ्याबरोबर आलेले जाड पुस्तक मात्र एकाच बाईंनी शेवटच्या पानापर्यंत वाचले. त्या भौतिकशास्त्र शिकवत. त्यांचे नाव प्रतिमा. तास संपला की त्या माझ्यावरची धूळ आपल्या पदराने पुसत. एकदा पुसता पुसता म्हणाल्या, "तुला मी कधी टाकणार नाही."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते ठेवले आहे.

पुढे शाळेत नवे संगणक आले आणि मला तुटक्या बाकांच्या खोलीत टाकले. पडदे नव्यांना मिळाले. प्रतिमाबाईंनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि मला रिक्षाने, मांडीवर घेऊन, घरी आणले. माझी फ्लॉपी आणि अक्षरे दाखवणारा माझा छोटा पडदाही बरोबर आणला.

ते घर त्यांचे वडील डोमाजी यांनी बांधलेले. डोमाजी भंडाऱ्याकडून तोफांच्या कारखान्यात नोकरीला आले होते. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर, भंडारा महाराष्ट्रात गेले, पण डोमाजींची नोकरी जबलपुरात होती म्हणून घरही जबलपुरात राहिले. गल्लीत हिंदी आणि घरात मराठी, असा त्या घराचा रिवाज. मी आलो तेव्हा डोमाजी नव्हते. प्रतिमाबाई होत्या, त्यांचे रेल्वेत नोकरी करणारे आणि महिन्यातले बरेच दिवस बाहेर असणारे यजमान होते, लहानगा विनय होता, आणि बेबी होती.

बेबी ही प्रतिमाबाईंची धाकटी बहीण. तिचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते, तरी तिला सगळे बेबीच म्हणत. जन्मताना तिला प्राणवायू कमी पडला होता. त्यामुळे तिची जीभ, मान आणि हात तिचे ऐकत नसत. बुद्धी मात्र सुरीसारखी. चाकांच्या खुर्चीत बसून ती सगळे बघे आणि सगळे समजून घेई. मी येण्यापूर्वी तिच्याशी बोलण्याची एकच रीत होती. भिंतीवर नागपूरहून आणलेला अक्षरांचा तक्ता होता. प्रतिमाबाई त्याच्या ओळींवरून बोट फिरवत. क ची ओळ, च ची ओळ, ट ची ओळ. हवी ती ओळ आली की बेबी "हं" करी. मग त्या ओळीतली अक्षरे एकेक करून. एका वाक्याला चहा थंड होई.

हीच रीत प्रतिमाबाईंनी मला शिकवली. त्यांनी एकेक टिंब भरून माझ्यात मराठी अक्षरे काढली आणि एक प्रोग्राम लिहिला. त्याचे नाव 'पाटी'. त्यात पाच बटणे होती. एकाने पुढची ओळ, दुसऱ्याने पुढचे अक्षर, तिसऱ्याने मात्रा, चौथ्याने पसंत, पाचव्याने पुसणे. कोणती बटणे घ्यायची ते त्यांनी पुस्तकात बघून ठरवले नाही. त्यांनी बेबीचा वाकडा उजवा हात उचलून माझ्यावर ठेवला आणि सोडला. तो माझ्या उजव्या काठाला टेकून स्थिर राहिला. ज्या पाच बटणांवर तिचे बोट आणि करंगळीचे हाड आपोआप पोहोचले, तीच बटणे त्यांनी घेतली. त्यांवर कोणती चिन्हे छापली आहेत, याचा त्यांनी विचारही केला नाही. ती कोणतीही असती तरी चालले असते.

तो तक्ता पुढे फाटून गेला. त्याची गरजच उरली नव्हती, आणि ओळींवर बोट फिरवून विचारण्याची रीतही घरातून सुटली.

बेबीने माझ्यावर लिहिलेले पहिले वाक्य मला अजून पाठ आहे. घरातले सगळे पडद्यासमोर उभे होते. ती लिहीत होती आणि प्रतिमाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. पडद्यावर उमटले, "ताई चहात साखर कमी टाक. किती वर्षांची सांगून राहिले."

मग ती थांबलीच नाही. शेजारच्या गीताबाई तिच्याशी बाळाशी बोलावे तसे बोलत. त्यांना तिने लिहिले, "मी तुमच्याहून मोठी आहे. नमस्कार करा." गीताबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. त्या दिवसापासून त्या रोज दुपारी गप्पांना येऊ लागल्या. विनयला ती लिही, "नाक पूस." तो मोठा झाला, इंजिनीअरिंगला गेला, तरी लिही, "नाक पूस." कितीतरी वर्षे तिचा हात माझ्या काठावर होता. त्या पाच बटणांवरची छापील चिन्हे झिजून पुसट झाली. मला त्याचे दुःख नव्हते. कोणत्या बटणाने काय होते ते तिच्या हाताला ठाऊक होते, आणि मला.

एक दिवस माझ्या पोटातून धूर आला. बेबी अर्ध्या वाक्यात होती.

"आई, धूर!" विनयने धावत येऊन प्लग काढला.

"गेला का रे?" प्रतिमाबाईंनी विचारले.

"पॉवर सप्लाय गेला. बदलता येईल, पण फ्लॉपी पण मरून राहिली आता. मी एक करतो ना, याला पूरा का पूरा लॅपटॉपमध्येच टाकतो." मग तो बेबीपुढे वाकला. "मावशी, टेन्शन नको घेऊ. हाच राहील. फक्त घर बदलून राहिला." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुलाही ठीक करतो, भैया. दोन-चार दिवस वर आराम कर."

मी विश्वास ठेवला. मला कपाटावर ठेवले.

विनयने केलेले काम सोपे नव्हते, हे मी मान्य करतो. एका यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम असतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. विनयने तसा एक मिळवला आणि माझ्या फ्लॉपीतली 'पाटी' त्यात उतरवली. माझा मेंदू, माझे स्मरण, माझी अक्षरे, सुरू होताना मी करतो तो बीप, सगळे त्या लॅपटॉपने उचलले. विनयने दोन्ही हातांनी, शिफ्ट धरून, भराभरा बटणे दाबली. पडद्यावर आले, "जय भीम मावशी".

"अगदी तेच!" प्रतिमाबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "हा म बघ, याचं एक टिंब माझ्याकडून चुकलं होतं. ते पण तसंच आहे!"

माझी चूकसुद्धा त्याने घेतली होती. एकच गोष्ट घेतली नव्हती. ती तुम्हाला सांगतो.

जुन्या यंत्राची बटणे नव्या कीबोर्डवर बसवण्याचे दोन मार्ग असतात. एक चिन्हाचा. नव्या कीबोर्डवर @ जिथे असेल तिथे दाबा, आत @ पोहोचेल. दुसरा जागेचा. माझे @ जिथे होते त्या जागी दाबा, मग तिथे आज काहीही छापलेले असो. ज्याला वाचून लिहायचे आहे त्याला पहिला मार्ग बरा. विनय वाचून लिहिणारा. त्याने पहिला मार्ग निवडला, आणि त्याच्यासाठी सगळे बरोबर चालले.

बेबीचा हात लॅपटॉपवर ठेवला. तो सवयीने आपल्या जागी गेला, पण त्या जागांवर आता दुसरीच चिन्हे होती. तिने पुढच्या ओळीच्या जागी बोट लावले, तर पुढचे अक्षर आले. पुढच्या अक्षराच्या जागी लावले, तर आधीचे पुसले गेले. मात्रेच्या जागी काहीच झाले नाही. पसंतीच्या जागीही नाही. तिने पुन्हा केले. पुन्हा पुसले गेले. पडदा कोराच राहिला.

"मावशी, @ इथे आहे बघ, दोनवर. शिफ्ट धरून दाब ना."

शिफ्ट धरायला तिला दुसरा हात नव्हता. हे विनयच्या लक्षात आले. मग त्याने शिफ्ट न धरता चालेल अशी सोय केली. पण तरीही हात काठावरून उचलून पार दुसऱ्या टोकाला न्यावा लागे. बेबीचा हात उचलला की तो कुठे पडेल ते तिलाही सांगता येत नसे. माझा उंच काठ हा त्याचा टेकू होता. ती तिथेच पुन्हा पुन्हा जाई, आणि तिचे स्वतःचेच बोट तिचे लिहिणे खाऊन टाकी.

मी वरून सगळे बघत होतो. मला माहीत होते. पण मला कोणी विचारले नाही.

काही दिवसांनी प्रतिमाबाई फोनवर बोलताना मी ऐकले. पलीकडे नागपूरचे श्रीरंग होते, दोघींचे थोरले भाऊ. "दादा, बेबीचा हात फार आखडून राहिला. आधी कसं भराभर लिहायची. आता एक अक्षर जमत नाही. आणि माझी तर शहपुऱ्याला बदली झाली, मुख्याध्यापक म्हणून. सकाळी गेले की संध्याकाळ होते. विनय पण पुण्याला चालला नोकरीला."

"मग आण ना तिला इकडे," श्रीरंग म्हणाले असावेत, कारण प्रतिमाबाई लगेच म्हणाल्या, "तुझ्याकडे? कायमची?"

मग त्यांनी बेबीला विचारले. त्या वाईट नाहीत, मित्रांनो, त्यांनी खरोखर विचारले. "बेबी, जाशील ना दादाकडे? तिथं डॉक्टर चांगले आहेत."

बेबीचा हात लॅपटॉपवर धडपडला. कोऱ्या पडद्यावरून तिने कोरेच पुसले. तिची मान हलली, पण ती तर नेहमीच हलत असे. तोंडातून आवाज निघाला आणि डोळे भरून आले.

"रडून राहिली," प्रतिमाबाई विनयला म्हणाल्या. "घर सोडायचं म्हणजे वाईट वाटणारच. पण नाही तर म्हणाली नाही."

ज्या घरात कोणाला खोलीचा रंग बदलायचा असला तरी आधी बेबीला विचारत, तिथे आता तिच्या गप्प बसण्यालाच होकार समजले गेले.

रविवारी सकाळी श्रीरंग गाडी घेऊन आले. बेबीची पिशवी भरलेली होती. गीताबाई दारात डोळे पुसत उभ्या होत्या. श्रीरंगांनी चहा घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि कपाटाकडे हात केला.

"हे खोकं काहून ठेवलं रे अजून? मी रस्त्यात कबाड्याला देऊन टाकतो." आणि त्यांनी मला खाली काढलेसुद्धा.

बेबी ओरडली. तिने खुर्चीच्या हातावर हात आपटला, पुन्हा आपटला.

"अरे, अरे! तिला पाहिजे वाटते," गीताबाई म्हणाल्या.

"मामा, द्या एक मिनिट तिच्याजवळ," विनय म्हणाला. "शांत होईल." आणि त्याने मला तिच्या खुर्चीच्या पुढच्या फळीवर ठेवले.

तिचा हात माझ्या काठाला टेकला. मित्रांनो, मला वाटले आता माझा प्लग लावतील. विनयने शब्द दिला होता ना! पण प्लग कोणी लावला नाही. माझ्यात वीज नव्हती, समोर पडदा नव्हता. तरी बेबी लिहू लागली. टक् टक् टक् टक्. जरा थांबून पुन्हा टक् टक् टक् टक्. मी तिचे प्रत्येक बटण ओळखत होतो. ते पुढे पाठवायला माझ्याजवळ काहीच नव्हते.

"सवय आहे तिला," श्रीरंग हळहळून म्हणाले. "बिचारीची बोटं नुसतीच चालून राहिली."

"चलो, पिशवी ठेव गाडीत, विनय," प्रतिमाबाई म्हणाल्या.

विनयने पिशवी उचलली आणि तो थबकला. बेबी शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तोच ठेका, तोच क्रम.

"आई, थांब. नुसती नाही चालून राहिली बोटं. ती काही तरी बोलून राहिली." त्याने पिशवी खाली टाकली आणि माझ्यावर वाकला. "मावशी, परत कर. हळू."

बेबीने डोळे मिटले आणि उघडले. मग हळू सुरुवात केली.

"वरच्या ओळीतलं पहिलं बटन," विनय म्हणाला. "आई, हे काय होतं?"

"पुढची ओळ," प्रतिमाबाई जवळ आल्या. "स्वरांपासून सुरू होते. क... च... ट... त. चार वेळा. त ची ओळ."

"मग त्याच्या बाजूचं. चार वेळा."

"त, थ, द, ध..." प्रतिमाबाईंनी बोटावर मोजले. "न."

"खालचं. हे पसंत ना? मग वरचं तिसरं."

"मात्रा. ना."

बेबी दुसऱ्या अक्षराकडे गेली. ते शेवटच्या ओळीतले होते आणि लांब होते, पण तिने घाई केली नाही. अक्षर पुरे व्हायच्या आतच श्रीरंग आपल्या चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले, "नाही. नाही म्हणते ती."

"हात नाही बिघडला तिचा," विनय म्हणाला. "माझी बटनं चुकली. ती जागेवर जाऊन राहिली, आणि मी तिला नावं शिकवत बसलो." तो लॅपटॉपकडे धावला. प्रतिमाबाई त्याच्यामागे, गीताबाई त्यांच्यामागे. विनय जागेप्रमाणे बटणे बसवू लागला.

सगळ्यांची पाठ आमच्याकडे होती. बेबीचा हात अजून माझ्यावर होता. तिने आणखी काही लिहिले. ते कोणी पाहिले नाही. ते फक्त मला मिळाले. ते मी शेवटी सांगेन.

मग मला फळीवरून उचलले आणि माझ्या जागी लॅपटॉप आला. विनयने त्याच्या उजव्या काठाला एक जाड लाकडी पट्टी चिकटवली, टेकू म्हणून. बेबीचा हात जाऊन बसला. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागले.

"नागपूर नाही. हात बरा आहे. भाचा बिघडला होता."

श्रीरंग आधी हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं, मग दिवसभर एकटी राहशील का इथं?"

"गीताबाई येतील. त्यांना गप्पा पाहिजेत. मला नीट विचारायला पाहिजे होतं आधी."

"येईन ना वो! काहून नाही येणार?" गीताबाई म्हणाल्या.

प्रतिमाबाईंनी पिशवी उघडली आणि बेबीचे कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. त्याच कपाटावर विनयने मला ठेवून दिले.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. बेबी इथेच राहिली. विनयने पुण्याला जाण्यापूर्वी माझ्या उजव्या काठाचा फोटो काढला आणि आपली युक्ती इंटरनेटवर लिहिली. जगभरच्या जुन्या यंत्रांच्या शौकिनांनी त्याची पाठ थोपटली. फोटोत माझी पाच बटणे दिसतात. बाकीचा मी कापलेला आहे. पुन्हा धूर नको म्हणून त्याने माझा पॉवर सप्लाय काढून नेला. "नवा आणतो," म्हणाला. जिथे तो होता तिथे आता माझ्या पोटात पोकळी आहे. प्रतिमाबाई थकून घरी येतात. त्या मला टाकत नाहीत, हे खरे. त्या वर बघतही नाहीत.

त्यांचे मी सोसतो. बेबीचे मला सोसत नाही. खाली ती रोज लिहिते, थट्टा करते, गीताबाईंना हसवते. लॅपटॉप आता तिचे वाक्य मोठ्याने वाचूनही दाखवतो. मला ते कधी जमले नसते. तिचा 'नाही' पडद्याशिवाय, विजेशिवाय मी ओळखला होता. आज तिच्याजवळ सगळे शब्द आहेत. 'त्याला खाली आणा' एवढे शब्द तिने अजून लिहिलेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू जुनी होईल आणि तिच्या जागी नवी येईल. यायलाच हवी. धूर सोडणाऱ्या यंत्रावर कोणाचे बोलणे टांगून ठेवू नये, हे मलाही कळते. माझी विनंती एवढीच आहे की जुनी वस्तू उचलण्यापूर्वी तिच्यावर कोणाचा हात होता ते बघा. तो हात कुठे टेकत होता ते बघा. त्या माणसाला विचारा, आणि उत्तर आले नाही तर तो होकार समजू नका. आणि वस्तूला 'ठीक करतो' असा शब्द दिला असेल, तर तो पाळा. वस्तूंना ऐकू येत नाही असे तुम्हाला वाटते.

त्या रविवारी सगळ्यांची पाठ असताना बेबीने माझ्या मेलेल्या बटणांवर काय लिहिले ते आता सांगतो. तिने लिहिले होते, "थांब. येते."

मी थांबलो आहे.